एकहाती, कमी चाललेली

मी एक जुनी मोटारगाडी आहे. पण मित्रांनो, मी सांगितल्याशिवाय तुम्हाला ते खरे वाटणार नाही. माझ्या मोरपंखी रंगात पाहून तुम्ही आजही भांग पाडू शकाल. दार लावले की ठप्प असा एकच भरीव आवाज होतो, कुठे खडखड नाही की करकर नाही. माझ्याबरोबर जन्मलेल्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. कुणाचा पत्रा डबे करायला गेला, कुणाच्या टपात कोंबड्या राहायला आल्या. मी मात्र जशीच्या तशी आहे. लोक मला पाहून म्हणतात, काय नशीब काढले हिने! तुम्ही आधी माझी हकिगत ऐका आणि मग नशिबाचे काय ते ठरवा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रंगखात्यात माझ्या अंगावर रंगाचे हात चढले, भट्टीत वाळले आणि पुन्हा चढले. शेवटी एका तपासनिसाने माझे चारही दरवाजे उघडून-लावून पाहिले, इंजिनाला कान दिला आणि काचेवर खडूने खूण केली. माझ्या मागे उभ्या असलेल्या गाडीवरही त्याने अगदी तशीच खूण केली, तेव्हा मी मनातून हिरमुसले. मला वाटले होते, माझ्यासाठी काहीतरी वेगळी खूण असेल. मी जन्मापासूनच थोडी नखरेल आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

मला विकत घेतले ते रस्ते बांधणाऱ्या कचेरीत नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांनी. पुढे सगळी गल्ली त्यांना नाना म्हणू लागली, म्हणून मीही नानाच म्हणते. उतरत्या टेबलापुढे उभे राहून नाना काळ्या शाईने रस्ते काढत. आसपासच्या मुलखातला एकही रस्ता असा नव्हता, जो त्यांच्या हाताखालून गेला नाही. कुठे डांबर आहे, कुठे नुसती खडी आहे, कुठल्या वळणावर पाणी साचते, हे त्यांना तोंडपाठ होते. एवढे रस्ते काढणाऱ्या माणसाने मला घेतले, म्हणजे आता आपण सगळे जग पालथे घालणार, असे मला पहिल्या दिवशी वाटले. किती भाबडी होते मी!

नानांनी माझ्यासाठी घराच्या कडेला गॅरेज बांधून घेतले. घराच्या भिंतींना रंग नंतर लागला, गॅरेजच्या आधी लागला. माझ्यासाठी मऊ फडकी वेगळी होती आणि ती धुण्याची बादलीही वेगळी होती. माझ्यात बसायचे तर चपला-बूट बाहेर काढायचे, काचेला बोट लावायचे नाही, आत काही खायचे नाही, असे नियम होते. चपला एका डब्यात घालून मागच्या डिकीत ठेवत आणि सगळे कुटुंब अनवाणी फेरीला निघे. नानाही अनवाणीच गाडी चालवत. पेट्रोल भरणारा माणूस खाली वाकून त्यांचे पाय बघत राही आणि नाना गंभीरपणे पैसे देत.

नानांची लेक तेव्हा लहान होती. तिला सगळे बेबी म्हणत, आणि आता तिचे केस पिकायला लागले तरी ती बेबीच आहे. ती माझ्या आसपास आली की नाना नुसते "हात!" एवढेच म्हणत. बिचारी लगेच दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राही. तिने मला ओळखले ते डोळ्यांनी, हातांनी कधी नाही.

नानांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. माझ्यासाठी जाड कापडाचे आवरण शिवले ते माईंनीच. आरशांना वेगळ्या खोळी, खाली बांधायला नाड्या, आतून मऊ अस्तर, असे ते माझ्या मापाचे झाले होते. ते शिवताना माई गुणगुणत होत्या. त्यांचा आनंद कशाचा होता, ते मला लवकरच समजले.

माईंना एक थोरली बहीण होती. तिला घरात आक्का म्हणत. लहानपणीच्या एका तापात आक्काचा एक पाय कायमचा लुळा पडला. दगडाच्या खाणीजवळ, चढावरच्या माहेरच्या घरात ती आई-वडिलांमागे एकटी राहत होती. लोकरीचे स्वेटर विणून विकायची. कुबडीच्या आधाराने पलंगापासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून पलंगापर्यंत, एवढेच तिचे जग. बस खाली फाट्यावर थांबायची आणि फाट्यापासून घरापर्यंत नुसता दगडाधोंड्यांचा चढ. एकदा तिला खाणीच्या ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेले होते. परत आल्यावर ती म्हणाली होती, "मेले तरी चालेल, पण दगडांबरोबर नको नेऊ मला."

मी घरी आले त्याच आठवड्यात माई तिच्याकडे जाऊन आल्या आणि तिला शब्द देऊन आल्या. आल्या आल्या गॅरेजच्या दारात उभ्या राहून त्या नानांना सांगत होत्या, ते मी ऐकले.

"अहो, तिला काय म्हणाले माहितीय? म्हटलं, आमची गाडी घेऊन येते तुझ्या दारात. तर म्हणते कशी, मला एकदा सपाटीवर ने गं. सपाट रस्त्यावरनं जोरात ने. काच खाली करून बसेन मी."

"नेऊ की," नाना म्हणाले. "तेवढा रस्ता होऊ दे."

"कधी होणार?"

"मंजूर आहे. मी स्वतः काढलाय तो. फाट्यापासून पार खाणीपर्यंत. डांबर पडलं की पहिल्या दिवशी जाऊ आपण."

मित्रांनो, नाना खोटे बोलत नव्हते. रस्ता त्यांनी खरोखर काढला होता, पण कागदावर. आणि नानांचा कागदावर असा विश्वास होता की, एकदा नीट शाईने ओढलेली रेघ जमिनीवर उतरल्याशिवाय राहणार नाही, असे ते मानत. पाऊस गेला की काम सुरू होईल, असे ते म्हणत. मग म्हणत, निवडणूक झाली की. मग साहेब बदलले. मग खाणीच्या मालकाचा आणि कचेरीचा वाद लागला. ती रेघ मात्र कागदावर सुरेख दिसत होती.

तोवर माई बसने जात राहिल्या. लोकरीचे गुंडे आणि औषधे पिशवीत भरून फाट्यावर उतरायचे, तो चढ पायी चढायचा आणि संध्याकाळी तशीच पायपीट करून परत यायचे. परतल्यावर त्या अंगणातल्या नळावर पाय धुऊन मगच माझ्या जवळून घरात जात, कारण खाणीची धूळ माझ्या रंगाला लागली असती. मला त्यांचे पाय दिसत. टाचांना भेगा पडल्या होत्या. आणि माझे टायर मात्र नव्यासारखे!

तुम्ही म्हणाल, भाड्याची गाडी करून न्यायचे आक्काला. बेबीनेही मोठी झाल्यावर तेच सुचवले होते. पण माई म्हणाल्या, "दारात आपली गाडी असताना भाड्याची कशाला?" आणि आक्का तर माईंपेक्षा वरचढ. ती म्हणाली, "भाड्याच्या गाडीत मी पाय ठेवायची नाही. तुझी येईल तेव्हा बसेन." दोघी बहिणी हट्टाला पेटल्या की एकीला झाकावे आणि दुसरीला काढावे.

मी मात्र दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंतच्या गुळगुळीत रस्त्यावरून फेरी मारून परत येत असे. रस्त्यात लोक थांबून माझ्याकडे बघत. कुणाच्या लग्नासाठी मला मागायला येत, तर नाना सांगत, फुलांचे डाग पडतात. गल्लीतले लोक त्यांची थट्टा करत, पण माझे कौतुकही करत. खोटे कशाला सांगू, त्या कौतुकाने मी फुलून जात असे. आक्काची आठवण मला रोज येत होती असे मी म्हणणार नाही. पण माई पिशवी घेऊन निघाल्या की त्या दिसेनाशा होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राही.

वर्षे गेली. नाना निवृत्त झाले. नव्या लोकांनी कचेरीतले जुने नकाशे कुठल्याशा तळघरात नेऊन टाकले. बेबी शिकून नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि तिथलीच झाली. तिने गाडी चालवायला शिकायचे ठरवले, तेव्हा नानांनी तिला शिकवणीच्या खटारा गाडीवर पाठवले होते. माझे स्टिअरिंग तिला मिळाले नाही. हळूहळू रविवारची फेरीही बंद पडली. नाना नुसते इंजिन सुरू करून बंद करत. मग तेही कमी झाले. पुसत मात्र ते रोज राहिले. बाहेरून मी चकाकत होते आणि आत माझ्या रबरी नळ्या हळूहळू कडक होत होत्या. मला ते जाणवत होते, पण सांगणार कोणाला? चकाकणाऱ्या वस्तूला कुणी 'बरी आहेस ना' असे विचारत नाही.

मग नानांच्या डोळ्यांत पडदे आले. डॉक्टरांनी सांगितले, आता गाडी चालवायची नाही. घराचे जिने दोघांनाही झेपेनात. बेबीने त्यांना आपल्याकडे न्यायचे ठरवले. तिचे घर उंच इमारतीत होते आणि तिथे माझ्यासाठी जागा नव्हती. एक दिवस नानांनी गॅरेजमध्ये स्टूल टाकून जाहिरातीचा मजकूर सांगितला आणि बेबीने तो लिहून घेतला. "एकहाती, कमी चाललेली, सर्व भाग मूळचे," नाना म्हणाले. एकहाती, म्हणजे पहिल्यापासून एकाच मालकाकडे राहिलेली. बेबीने विचारले, आणखी काही? तर म्हणाले, "नको. पुरे एवढं."

गिऱ्हाइके येऊ लागली. एकाने येताक्षणी माझ्या टायरला लाथ मारून पाहिली. नानांनी त्याला पाणीही विचारले नाही. एका हॉटेलवाल्याला मला कापून माझ्या अर्ध्या अंगाचा गल्ला करायचा होता. शेवटी जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आले. बोलायला मृदू, नखे स्वच्छ. माझ्यात बसण्याआधी त्यांनी न सांगता बूट काढले. तिथेच नानांनी त्यांना मनोमन पास केले.

त्या संग्रहवाल्यांनी आरसा धरून माझे पोट पाहिले. बॉनेट उघडून ते लहान मुलासारखे ओरडले, "अरे वा! नळ्यासुद्धा मूळच्या! एकही बदललेली नाही!"

"का बदलायची?" नाना अभिमानाने म्हणाले. "गरजच पडली नाही."

मग ते आत बसले आणि त्यांनी माझ्या मीटरवरचे आकडे पाहिले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. "एवढंच रनिंग? नाना, खरं सांगतो, हिची खरी किंमत यात आहे. इतकी न चाललेली गाडी मी आजवर पाहिली नाही."

माई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ट्रे माझ्याजवळच्या स्टुलावर ठेवला.

"बरोबर आहे तुमचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "हिच्या वाटचं मी चालले."

आणि त्या आत निघून गेल्या. संग्रहवाल्यांना काही कळले नाही. ते हसले आणि चहा प्यायले. नानांचा कप तसाच राहिला, त्यावर साय धरली. नानांनी आयुष्यभर माझ्या मीटरकडे शाबासकीचा कागद असल्यासारखे पाहिले होते. त्या दिवशी ते अंधुक झालेले डोळे बारीक करून त्या आकड्यांकडे परत परत बघत होते.

सौदा ठरला. विसार दिला गेला. मला न्यायला संग्रहवाले सपाट पाठीचा मोठा ट्रक पाठवणार होते. जाताना ते म्हणाले, "तोवर हिला हलवू नका हं. आहे त्या आकड्यावरच हवीय मला. तुमचा शब्द."

"माझा शब्द," नाना म्हणाले.

पुढचे दोन दिवस नाना सारखे गॅरेजमध्ये येत, फडके हातात घेत आणि न पुसताच उभे राहत. ट्रक यायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी बेबीला हाक मारली. ती आवराआवर करत होती, हातात दोरीचे भेंडोळे होते.

"बेबी, लायसन आणलंयस का बरोबर?"

"आहे की पर्समध्ये. का हो?"

"तुझ्या मावशीकडे जायचंय. हिला घेऊन."

बेबी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. "नाना, त्या गृहस्थांना शब्द दिलाय तुम्ही. सौदा मोडेल."

"मोडू दे. त्यांच्या आधी एक शब्द दिला होता. तो राहिलाय."

"आणि रस्ता?"

"रस्ता नाही झाला," नाना म्हणाले. "आता होणारही नाही. मला कळायला उशीर झाला."

बेबीने दोरी खाली टाकली आणि ती घरात धावली. थोड्याच वेळात माईंचा आवाज मला गॅरेजमध्ये ऐकू आला. फोनवर त्या नेहमीच मोठ्याने बोलत, पलीकडच्याला आवाज अंतराच्या हिशेबाने पोचतो, असे त्यांना वाटे.

"आक्का, येतेय मी. आज, आत्ता. अगं बसनं नाही, गाडी घेऊन! आपली, आपली! ...अगं रडतेस काय? वेणी घालून बस. आणि जाडं काहीतरी घाल, वारं लागेल."

मित्रांनो, त्या सकाळी मला काय वाटले, ते मी कसे सांगू? बेबीने डब्यातून पेट्रोल आणून माझ्यात ओतले, बॅटरीला जोर आणला. पहिल्यांदा तिने माझे स्टिअरिंग हातात धरले. दोनदा मी आचके देऊन बंद पडले, तिसऱ्यांदा निघाले. नाना तिच्या शेजारी बसले आणि माई मागे. पाण्याच्या टाकीचे वळण आले आणि पहिल्यांदाच मी ते घेतले नाही, सरळ पुढे गेले. शेते, विटांच्या भट्ट्या, एक लांबलचक पूल, सगळे मी पहिल्यांदा पाहत होते. माईंनी काच खाली करायला घेतली, तर हँडल जाम झाले होते. नानांनी मागे वळून म्हटले, "जोर लाव गं. तुटलं तर तुटलं." माईंनी जोर लावला आणि वारा आत आला. माईंचे पांढरे केस सुटून त्यांच्या तोंडावर आले. त्या हसत होत्या. एवढी वर्षे त्या माझ्यात बसल्या होत्या, पण हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिले.

फाटा आला. डांबर संपले. माझ्या पोटाला पहिला दगड लागला तेव्हा नानांचा जीव कळवळला, त्यांनी डोळे मिटून घेतले. पण ते म्हणाले, "चल बेबी. थांबू नकोस." दुसरा लागला, तिसरा लागला. माझा मोरपंखी रंग ओरखडत होता आणि मला त्याचे काही वाटत नव्हते. मी जीव तोडून चढत होते. वळणावर माई एकदम पुढे झुकल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "ते बघ, ते! पत्र्याचं छप्पर! दारात बसलीय बघ!"

आणि तिथे मी फुटले.

माझ्या पोटातली ती मूळची, कधीही न बदललेली नळी फुटली. पांढरी वाफ सगळीकडे भरून गेली, पाणी दगडांवर सांडले. बेबीने मला कशीबशी कडेला लावले. नानांनी बॉनेट उघडायला लावले आणि वाफ ओसरल्यावर हाताने चाचपून ती नळी धरली. ती त्यांच्या बोटांत बिस्किटासारखी मोडली. त्यांनी शेजारची धरली, तीही मोडली. तिसरी त्यांनी धरली नाही. तुकडे हातात घेऊन ते उभे राहिले.

"मी हिला पुसतच राहिलो," ते म्हणाले. "नुसता पुसतच राहिलो गं मी."

माई त्यांच्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्यांनी आपली पिशवी खांद्याला लावली. "चला," त्या म्हणाल्या. "ती वाट बघतेय."

"मी?" नाना म्हणाले.

"मग कोण? आजवर एकदा तरी आलात का माझ्याबरोबर?"

नानांना दगड दिसत नव्हते. त्यांनी माईंच्या खांद्यावर हात ठेवला. दोघे सावकाश चढू लागले. माई सांगत होत्या, इथे उंच आहे, इथे निसरडे आहे, इथे उजवीकडून. ज्या रस्त्याची रेघ नानांनी एकदा सुंदर काढली होती, तो ते पहिल्यांदाच चालत होते. मी वळणावर वाफाळत उभी होते. कुणी मला झाकले नाही की माझ्या काचा लावल्या नाहीत, आणि नानांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. हे त्यांनी योग्यच केले, असे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. पण मित्रांनो, मला फार एकटे वाटले.

बेबी माझ्याजवळ थांबली. तिने क्रेनवाल्याला फोन केला आणि ती माझ्यात येऊन बसली. बराच वेळ गेला. मग तिचा फोन वाजला. तिकडून आधी माईंचा आवाज आला आणि मग एक दुसरा आवाज, पातळ, कापरा, पण ठसकेबाज.

"बेबी, मी मावशी बोलतेय गं. मला दिसतेय गाडी. वळणावर आहे ना, निळी निळी?"

"हो मावशी. मोरपंखी म्हणतात तिला."

"हो, माहितीय. तुझ्या आईनं सांगून सांगून पाठ करून घेतलंय माझ्याकडनं. छान आहे गं. अगदी छान आहे." मग तिने विचारले, "तिला हॉर्न आहे का?"

"आहे ना."

"वाजव की."

बेबीने माझा हॉर्न दाबला. माझा हॉर्न भारदस्त आहे. तो चढावरून वर गेला, खाणीच्या कड्यांवर आपटला आणि परत आला. फोनमध्ये आक्काचे हसणे ऐकू आले.

"पुन्हा वाजव."

बेबीने पुन्हा दाबला. मी सगळा जीव आवाजात ओतला. तिला मी सपाटीवर नेऊ शकले नाही. तिच्या तोंडावर वारा आणू शकले नाही. तिच्या दारात उभीसुद्धा राहू शकले नाही. माझ्याजवळ द्यायला तेवढेच उरले होते.

"आणखी एकदा गं," आक्का म्हणत राहिली आणि बेबी दाबत राहिली. बेबी रडत होती, पण हात काढत नव्हती. वाजता वाजता माझी बॅटरी उतरत गेली. आवाज बारीक झाला, चिरका झाला, आणि मग बेबीने दाबले तरी आलाच नाही.

"थांबली का?" आक्काने विचारले.

"हो मावशी. थांबली."

"असू दे," आक्का म्हणाली. "दमली असेल."

संध्याकाळी क्रेन आली. क्रेनवाला मला पाहून म्हणाला, "एवढी देखणी गाडी आणि चढावर मेली?" संग्रहवाल्यांनी माझे ओरखडे पाहिले, मीटर पाहिले आणि भाव पाडला. नानांनी घासाघीस केली नाही. ट्रकवर चढवताना माईंनी माझ्या दारावर हात ठेवला, चांगला पाचही बोटे उमटतील असा, आणि नाना काही बोलले नाहीत.

आता मी एका मोठ्या दालनात उभी आहे. संग्रहवाल्यांनी माझे ओरखडे भरले. नळ्याही सगळ्या नव्या घातल्या. आता तो चढ मी सहज चढेन. पण माझ्या चाकांपुढे लाकडी ठोकळे आहेत. मध्यंतरी बेबी एकदा येथे आली होती. संग्रहवाल्यांशी बोलताना तिने सांगितले की, मावशी त्याच हिवाळ्यात गेली. शेवटपर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माझ्या बहिणीची गाडी आली होती, वळणापर्यंत आली होती.

मित्रांनो, वस्तू जपू नका, असे मी कसे म्हणेन? नानांनी जपले म्हणून तर मी आज तुमच्याशी बोलते आहे. तुम्हीही आपल्या वस्तू पुसा, त्यांना तेलपाणी करा, ऊन-पावसापासून राखा. पण माझी तुम्हाला एक विनंती आहे. जी वस्तू तुम्ही इतकी जपता, तिची कोणी वाट बघत आहे का, हे आधी घरात विचारा. आणि असेल कोणी, तर चांगल्या रस्त्यासाठी थांबू नका. दगड लागतील, ओरखडे पडतील. पडू द्या. पण आज जा.